कच्चीच बरी होती

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर चहाचं एक हॉटेल आहे. तिथं कोपऱ्यातल्या बाकड्यावर सिद्धराम बशीत चहा ओतून बसला होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलेल्या टेपमधून सिद्धरामच गात होता. हे त्या हॉटेलात एकट्या सिद्धरामला ठाऊक होतं. कॅसेटच्या कव्हरावर त्याचा फोटो होता, नाही असं नाही. पण छापणाऱ्यानं त्यात इतका लाल रंग ओतला होता की त्याच्या आईनंसुद्धा तो हातात घेऊन 'ह्यो कोण म्हणायचा?' असं विचारलं होतं. त्यामुळं तो निर्धास्त होता. चारचौघांत आपलं गाणं लागावं आणि आपण आपले कुणीच नाही असं बसून ते ऐकावं, यात एक चोरटी मजा असते. ती मजा एका गाण्यापुरतीही टिकली नाही.

"ए, बदल की ते," शेजारच्या बाकड्यावरचा कंडक्टर म्हणाला. "लई गुळगुळीत वाजून राहिलंय. ह्याचीच ती कच्ची हाय का तुझ्याकडं? ती लाव."

"कच्ची तुटली," हॉटेलवाला म्हणाला. "वाजवून वाजवून फीत तुटली तिची. ही पक्की हाय, हैदराबादला भरलेली."

"कच्चीच बरी होती."

"हाव," पेपर वाचत बसलेले एक गुरुजी न विचारता म्हणाले. "कच्चीतल्या गड्यात दम होता. हा गडी दुसरा असंल."

"दुसराच हाय," हॉटेलवाल्यानं निकाल दिला. "नाव तेवढं त्याचं लावलंय. धंदा हाय हा."

सिद्धरामनं बशी तोंडाला लावली आणि चहा संपल्यावरही तशीच धरून ठेवली. तोंड लपवायला दुसरं होतं काय? 'अहो, दोन्हींत मीच हाय' असं उठून सांगावं, तर कुणी खरं मानलं नसतं. आणि मानलंच असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग असं का झालं? याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. उत्तर असतं तर तो अहमदपुरात दुसऱ्याच्या बाकड्यावर कशाला बसला असता?

ही कच्ची कोणती आणि पक्की कोणती, ते आता सांगायला हवं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडं ज्याला त्याला जिल्ह्याचं वेड लागलं होतं. जिल्हा टेलर निघाले, जिल्हा सलून निघालं, एकानं पिठाच्या गिरणीवर 'न्यू जिल्हा' असं रंगवून घेतलं. त्याच वाऱ्यात शिरूर अनंतपाळजवळच्या चिंचोडी गावात तीन पोरांनी 'न्यू जिल्हा बँड' काढला. सिद्धराम गाणार. तो नागप्पा किराणावाल्याचा एकुलता एक, लिंगायताच्या घरातला. आवाज मठातल्या भजनात तापलेला. भुजंग हा मराठ्याचा, शेतातल्या कामाला सदा पाठ दाखवणारा. तो आधी ढोलकी वाजवायचा, मग त्यानं कुठून कुठून गोळा करून ड्रम उभे केले. तिसरा मूळचा उदगीरचा रेवणसिद्ध. हा हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रात राहून आला होता आणि येताना विजेची गिटार घेऊन आला होता. आपण वाजवतो त्याला रॉक म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. गावानं तो शब्दही टँकर, सर्व्हे, स्कार्सिटी या शब्दांसारखाच बिनतक्रार ऐकून घेतला.

बँड म्हटल्यावर लोकांना लग्नातला बँड वाटायचा. 'सनई कुठाय? कोट कुठायत?' असं विचारायचे. ही पोरं सिनेमातलं गात नव्हती, अभंग गात नव्हती, स्वतःची गाणी स्वतः रचत होती, आणि हे म्हणजे काही तरी कमी असल्याचं लक्षण आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. नागप्पा तर मुलाचं गाणं सुरू झालं की दुकानातून उठून 'शिवशिव' म्हणत आत जायचा. शाळेच्या व्हरांड्यात सराव केला तर हेडमास्तरांना अडचण, मठात केला तर स्वामींना. अशी हाकलत हाकलत ही मंडळी शेवटी बारवेत जाऊन पोचली.

मठामागं ती जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरत उतरत तळाशी जायचं, चारी बाजूंनी घडीव चिरे. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला तेव्हा तिचा तळ उघडा पडला. वर ऊन मी म्हणत होतं आणि खाली गारवा. म्हणून तिघं तिथं जाऊन बसले, दुसरं काही कारण नव्हतं. लग्नाच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून बॅटरीवर चालणारा भोंगा आणला, त्याला गिटार जोडली, आणि केलेली चाल विसरायला नको म्हणून भुजंगच्या मेव्हण्याचा टेपरेकॉर्डर मधल्या पायरीवर ठेवून दिला. त्यात जे भरलं गेलं ती कच्ची. सिद्धराम दुकानदाराचा पोरगा; कच्चं बिल आणि पक्कं बिल तो लहानपणापासून ऐकत आला होता, म्हणून त्यानंच हे नाव ठेवलं.

कच्चीत काय काय होतं ते ऐका. एका ठिकाणी भुजंग शिंकला होता. एका ठिकाणी पारवे उडाल्याचा फडफडाट होता. गिटार मध्येच बंद पडून 'अरे, वायर, वायर' असं रेवणसिद्ध ओरडला होता. पण सिद्धरामनं 'येतो म्हणला, आला न्हाई, घागर माझी रिकामी' हे टँकरवरचं गाणं उचललं, की तो आवाज चारी भिंतींना लागून असा भरून परत यायचा की ऐकणाऱ्याचा हातातला घास हातात राहायचा. बाई माणसाची वाट बघते आहे की टँकरची, हे काही केल्या कळायचं नाही.

भुजंगच्या पोटात काही राहत नाही. त्यानं ती टेप लातूरला मडिवाळप्पाच्या दुकानात नेऊन दिली. गंजगोलाईच्या एका बोळात मडिवाळप्पाचं कॅसेटचं दुकान होतं. एकीवरून दुसरी भरून द्यायची, हा त्याचा मुख्य उद्योग. हा गृहस्थ विभूती लावून बसायचा आणि सकाळी पहिली कॅसेट देवाची लावायचा, पण दुपारनंतर त्याच्याकडं काय वाटेल ते मिळायचं. त्याच्याकडून ती कच्ची उदगीरला गेली, निलंग्याला गेली, पार नांदेडकडं किनवटच्या आश्रमशाळेतल्या मास्तरांपर्यंत गेली. दुष्काळी कामावरचे मुकादम ती वाजवायचे. जीपवाले वाजवायचे. सिद्धरामला कळायच्या आत त्याचा आवाज अख्ख्या मुलखात हिंडून आला.

मग मडिवाळप्पानंच निरोप धाडला. शिंका, पारवे, वायर, हे सगळं काढून नीट भरू, हैदराबादला माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे, खर्च माझा. सिद्धराम तेव्हा किती हरखला होता म्हणून सांगू! नवा शर्ट शिवला, आठवडाभर ताक तोंडाला लावलं नाही. तिघं बिदरवरून हैदराबादला गेले. स्टुडिओतल्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. एका काचेच्या खोलीत सिद्धरामला एकट्याला उभं केलं, कानाला दोन वाट्या लावल्या, आणि गा म्हणाले. तो गायला. आवाज तोंडातून बाहेर पडला आणि गादीत जाऊन मेला. यंत्रावरच्या माणसानं अंगठा दाखवला, 'फस्क्लास' म्हणाला. भुजंगच्या ड्रमाऐवजी तिथल्याच एकाचा ड्रम वाजला. ती झाली पक्की.

आणि पक्की बाजारात आल्यापासून लोकांचं एकच पालुपद सुरू झालं. कच्चीच बरी होती.

शिरूरचा न्हावी म्हणाला, "आवाज बसलाय त्याचा. थंड पाण्यानं बसतो." निलंग्याच्या एका कापडवाल्यानं सांगितलं की हैदराबादचं पाणी मानवत नाही. रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांनी मुकादमाला ती बंद करायला लावली. 'ह्यात घागर वाजत न्हाई' असं म्हणाल्या. एकाला गिटार जास्त वाटली, एकाला कमी वाटली, एकाचं म्हणणं पडलं की भुजंगची शिंक काढायला नको होती, तिच्यामुळं मजा होती. माणसाच्या जन्मभराच्या कमाईवर इतक्या सहज, विडी ओढता ओढता निकाल देता येतो हे सिद्धरामला त्या दिवसांत कळलं. रागावणार कुणावर? त्यातला एकही वाईट माणूस नव्हता. कच्चीवर त्यांचं प्रेम होतं, म्हणून ते बोलत होते.

घरीही तेच. रत्नम्मा, त्याची आई, घरातली अव्वा, पक्की कॅसेट ऐकता ऐकता मध्येच "साकु रे," म्हणाली. पुरे. तिचं माहेर तिकडं कर्नाटकात, मनातलं बोलताना तिला कानडीच सुचायची. नागप्पा मात्र दुकानातूनच बोलला. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील? त्या बारवेनं तुला गायक केलता. आता बस झालं. एक कॅसेट काढतो म्हणला होतास, काढलीस. आता गल्ल्यावर बसायचं."

हे बोलणं सिद्धरामला लागलं, आणि लागलं ते खोटं नव्हतं म्हणून. आवाज आपला की बारवेचा? हाच किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. अहमदपूरला, औशाला, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन तो लोकांची मतं ऐकत बसायचा ते याच्याचसाठी. कुणीतरी एकानं, चुकून का होईना, 'गडी गातो मात्र चांगला' असं म्हणावं एवढीच त्याची आशा. तसं कुणी म्हणालं नाही.

अहमदपूरहून तो तसाच लातूरला गेला आणि मडिवाळप्पासमोर जाऊन उभा राहिला. "काका, अजून एक डाव भरू द्या."

मडिवाळप्पानं चष्मा कपाळावर चढवला. "स्टुडिओत न्हाई. पैसा गेला माझा तिथं. त्याच हिरीत जा, तसाच्या तसा आवाज भरून आण, फक्त शिंका कमी करा. तो आवाज आणलास तर मी काढतो. न्हाई आणलास तर सिद्धराम, तुझा बाप म्हणतो तेच बरं."

म्हणजे एवढ्यावर येऊन ठेपलं. बारवेत एकदा गाता आलं तर गाणं, नाही तर जन्मभर साखर आणि तूरडाळ जोखणं. सिद्धराम चिंचोडीला पळत आला असं म्हटलं तरी चालेल. एसटीतून उतरला आणि घरी न जाता सरळ मठामागं गेला.

बारवेच्या काठावर टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप बारवेत सोडलेला होता आणि पाणी धो धो खाली पडत होतं. गावाला टँकर मंजूर झाला होता. पण टँकरच्या तोटीला गाव भिडलं की डोकी फुटतात, म्हणून साऱ्या मुलखात रीतच होती: टँकर कोरड्या विहिरीत ओतायचा आणि मग ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. चिंचोडीनं त्यासाठी मठामागची बारव ठरवली होती. जिथं भुजंगचे ड्रम मांडलेले असायचे, तिथं आता गढूळ पाणी हेलकावे खात होतं आणि पायऱ्यांवर बायका घागरी घेऊन एकमेकींना ढकलत होत्या. त्यांत रत्नम्माही होती. तिनं मुलाकडं पाहिलं आणि हसून म्हणाली, "आलं बाबा एकदाचं. बघ."

सिद्धरामला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याची त्याला लाजही वाटली. गावाच्या घशात पाणी पडतंय आणि आपल्याला रडू येतंय, हे कुणाला सांगायचं? टँकर दुसरीकडं ओता म्हणायची सोय नव्हती. दुसरीकडं ओतण्यासारखी दगडी बांधणीची एकही विहीर गावात नव्हती. बाकीच्या मातीच्या, त्या पाणीही पितात आणि आवाजही.

पुढं एकदा टँकर आला नाही. म्हणे त्याच्या चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दुपारपर्यंत बारवेचा तळ पुन्हा उघडा पडला आणि भुजंग धापा टाकत दुकानात आला. "चल, हीर मोकळी हाय! टेप घेतो, तू रेवणसिद्धाला उठीव." नागप्पा जेवायला आत गेलेला. सिद्धराम तसाच निघाला. पण बारवेवर येऊन बघतात तर पायऱ्या बायकांनी भरलेल्या. टँकर आज ना उद्या येईल, जागा जायला नको, म्हणून त्या रिकाम्या घागरी मांडून बसून राहिल्या होत्या. एका लेकुरवाळीनं ओल्या फडक्यानं पोराचं तोंड पुसलं आणि फडकं पुन्हा नीट पिळून वाटीत धरलं.

"मावशी, जरा सरका, आम्हाला गाणं भरायचंय," असं भुजंग म्हणणार होता. म्हणू शकला नाही. त्या सगळ्यांसमोर उभं राहून 'घागर माझी रिकामी' कसं म्हणायचं? गाणं त्यांचंच होतं, शब्दही त्यांच्याकडूनच उचललेले होते, आणि त्यांच्यापुढं ते तोंडातून फुटेना. रत्नम्मा वरच्या पायरीवर बसली होती. तिनं टेपकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. तिघं तसेच मागं फिरले. परतताना सिद्धरामच्या मनात आलं, पाटा अजून थोडे दिवस तुटलेलाच राहिला तर? पुढच्या पावलाला त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरोखर मारली, भुजंगनं पाहिली.

"अरे, मुलखात काय एकच हीर हाय का?" भुजंग म्हणाला. "समद्या कोरड्या पडल्यात. दुसरी बघू."

हे बोलणं तर्काला धरून होतं. दुष्काळात कोरड्या विहिरीला काय तोटा! म्हणून टेप आणि गिटार बरोबर घेऊन तिघं दोन सायकलींवर विहिरी बघत फिरायला लागले. काठावर उभं राहायचं, वाकायचं, टाळी वाजवायची, कान द्यायचा, मग मान हलवून पुढं जायचं. रेवणसिद्ध कधी कधी सोबत आणलेला पत्रा बडवायचा. ही टाळी फुटकी, ही मातकट, इथं वर झाड असल्यानं आवाज अडतो, अशी त्यांची चर्चा चालायची. आपण लोकांना कसे दिसत असू याचा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही. चांगल्या शर्टातली तीन माणसं दुष्काळात विहिरीत वाकतात, ठोकतात, कान देतात आणि गंभीर होऊन आपसात बोलतात; खेड्यातला माणूस त्याचा अर्थ काय लावणार?

अहमदपूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला माळेवाडी म्हणून वस्ती आहे. तिथं त्यांना हवी ती विहीर सापडली. खडकात खोल उतरलेली, गोल, वरून निम्म्यापर्यंत दगडी बांधलेली. भुजंगनं टाळी वाजवली आणि ती टाळी वर आली तेव्हा तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. बारवेपेक्षाही सरस!

तेवढ्यात मागून आवाज आला. "हाय का बाबा?"

विहिरीची मालकीण साखराबाई उभी होती. उन्हानं करपलेली म्हातारी, पदरात नारळ. तिच्यामागं वस्तीवरची पंधरावीस माणसं, सगळी पायताणं काढून. एकानं घोंगडी आणली होती, ती त्यानं बाभळीखाली अंथरली.

"हाय का म्हंजे काय, मावशी?" सिद्धरामनं विचारलं.

"पाणी. तुम्ही ऐकून बघून राहिले न्हवं? पलीकडच्या वाडीवरून सांगावा आला, जिल्ह्याहून माणसं आल्यात, हिरीला कान लावून पाणी सांगतेत. चार दिवस वाट बघून राहिले तुमची."

सिद्धरामनं हात जोडले. "मावशी, आम्ही त्यातले न्हाई. आम्ही पाणाडे न्हाई, सर्व्हेवाले न्हाई. आम्ही गाणारे हाव. हिरीत गाणं म्हणायला आलो."

आता इथं कुणीही चिडलं असतं किंवा हसलं असतं. साखराबाईनं समजल्यासारखी मान हलवली. "मग म्हणा की. कुणी हातावर नारळ उभा करतंय, कुणी लिंबाची काडी धरतंय, गेल्या साली एक आलता तो मीठ टाकून बघायचा. तुम्ही गाऊन बघता. ज्याची त्याची विद्या असती, बाबा."

सिद्धराम समजावत राहिला. जितकं समजावलं तितकी तिची खात्री वाढली. खरा जाणता असाच नाही नाही म्हणतो, हे तिला माहीत होतं. ती सांगत होती. ही विहीर तिनं आणि तिच्या कारभाऱ्यानं सुरुंग लावून खणली. कारभारी गेला. पोरगा पाणी आटलं तेव्हा नांदेडला रिक्षा ओढायला गेला, सुनेला घेऊन. अजून एक सुरुंग खाली लावला तर झरा लागंल असं कुणी सांगितलं तर मी येतो, हात लावतो, असं म्हणून गेला. तर तेवढं सांगा. हाय का न्हाई, एवढंच.

भुजंगनं सिद्धरामला बाजूला घेतलं. "गा तू. म्हातारीचंबी समाधान, आपलंबी काम. असं ठिकाण पुन्ना गावायचं न्हाई."

आणि सिद्धराम उतरला, मागोमाग ते दोघं. दोष द्यायचा तर द्या, पण जन्मभराच्या गाण्याचा तो शेवटचा दरवाजा होता. खालच्या खडकावर तो उभा राहिला, रेवणसिद्धनं नुसत्या तारा छेडल्या, भुजंगनं मांडीवर ठेका धरला आणि टेपचं बटण दाबलं. 'येतो म्हणला, आला न्हाई.' आवाज गेला, खडकाला लागला आणि परत आला तो असा, की सिद्धरामला स्वतःलाच खरं वाटेना. हाच! कंडक्टर म्हणत होता तो, गुरुजी म्हणत होते तो. त्याला हसू येत होतं, डोळे भरत होते. गाताना इतकं सुख त्याला आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. वर काठावर माणसं ओळीनं वाकून उभी होती आणि त्यांच्यातलं कुणी हलत नव्हतं.

गाणं संपलं. तो वर आला तेव्हा धाप लागली होती आणि चेहरा उजळला होता. त्या चेहऱ्याकडं बघून साखराबाईचाही चेहरा उजळला. तिनं नारळ पुढं केला.

"काय सांगतीया हीर?"

म्हातारीनं थोडी वाट पाहिली. मग तिचा नारळ धरलेला हात हळूहळू खाली आला.

"लई ग्वाड गळा हाय तुझा," ती म्हणाली. "पण बाबा, पाणी होतं तव्हा मी हिच्यात कारभाऱ्याला हाक मारायची, तर हाक बुडायची. निम्मी खालीच ऱ्हायची. आज तुझं समदंच्या समदं वर आलं. म्हंजे खाली काहीच न्हाई. व्हय ना?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. 'हाय, लावा सुरुंग' म्हटलं असतं तर पोरगा नांदेडहून आला असता, निदान महिनाभर खणत तरी राहिला असता. पण ज्या कोरडेपणाच्या जिवावर आपण आत्ता सुखानं गायलो, तो नाही म्हणून कसं सांगायचं? त्याला त्या विहिरीत थेंबही नको होता. थेंब असता तर त्यानं पुढची विहीर शोधली असती. हे त्याला त्या म्हातारीपुढं उभं राहून कळलं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "काही न्हाई."

"बरं झालं खरं सांगितलंस," साखराबाई म्हणाली. "दुसरे आशा लावून जातेत. आता पोराला कळवते, येऊ नको म्हून." तिनं नारळ त्याच्याच हातात दिला, विद्येचा मान रिकाम्या हातानं करायचा नसतो म्हणाली. घोंगडी आणणाऱ्यानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि माणसं आपापल्या वाटेला लागली.

नारळ फोडून खायची कुणाची छाती झाली नाही. रेवणसिद्धनं तो वाटेतल्या मारुतीपुढं ठेवला.

सिद्धरामनं ती टेप मडिवाळप्पाला द्यायची नाही असं ठरवलं होतं. भुजंगनं देऊन टाकली. देणारच होता, त्याला तरी दुसरं काय होतं? नवी कॅसेट निघाली आणि लोक म्हणाले, आता जमलं. शिरूरच्या न्हाव्याला ती आवडली. अहमदपूरच्या हॉटेलात ती सकाळ-संध्याकाळ वाजायला लागली. रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांनी ती बंद करायला लावली नाही. कच्चीपेक्षाही ही चढ आहे असं म्हणणारेही निघाले. सिद्धराम तेव्हा गल्ल्यावर बसून राहायचा आणि गिऱ्हाइकानं कौतुक केलं की पुडीचा दोरा घट्ट ओढायचा. नागप्पानं त्याला पुन्हा कधी गाऊ नको म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही.

एकदा मालाला म्हणून लातूरला गेला असताना मडिवाळप्पानं त्याला रस्त्यातून ओढून दुकानात आणलं, चहा मागवला आणि पाठीवर थाप मारली. "दुसरी काढू. तिथंच भरू. एवढी चांगली हीर गावली तरी कुठं रे तुला?"

सिद्धरामनं चहा संपवला आणि गाव आठवत नाही म्हणून सांगितलं. परत कुणी तिथं टेप घेऊन उतरू नये, एवढंच काय ते त्याच्या हातात होतं.